छिन्नीपासून प्लाझ्मापर्यंत : परभणी जिल्ह्यातील लोहकर्तनाची वाटचाल

लोखंड तापविणे, ठोकणे, जोडणे आणि कापणे या चार क्रियांत आपल्या ज्ञातीचा बहुतेक सारा धंदा सामावलेला आहे. यांपैकी तापविणे व ठोकणे यांची कीर्ती मोठी; भाता आणि ऐरण हीच आपली ओळख होऊन बसली. कापण्याच्या क्रियेचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. वस्तुतः गेल्या सव्वाशे वर्षांत लोहाराच्या धंद्यात जी जी उलथापालथ झाली, तिच्याबरोबर लोखंड कापण्याची रीतही पालटत गेली. सांप्रत संगणकाच्या आज्ञेने चालणारे प्लाझ्मा कर्तनयंत्र आपल्या तरुणांच्या बोलण्यात वारंवार येऊ लागले आहे. ते घ्यावे काय, घ्यायचे तर कोणते घ्यावे, आणि घेतल्यावर हातच्या विद्येचे काय होणार, असे तीन प्रश्न त्यातून उभे राहतात. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात या प्रश्नांची उत्तरे अर्धीच मिळतात. उरलेली अर्धी आपल्या धंद्याच्या इतिहासातून शोधावी लागतात. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

छिन्नी आणि घण यांचा काळ

परभणी जिल्हा हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा प्रदेश. ही माती पावसाळ्यात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात औत चालवायचे तर नांगराचा फाळ व वखराची पास हंगामापूर्वी पाजवून घ्यावी लागे. तिफणीचे फण, विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि बैलगाडीच्या चाकाची धाव ही सारी गावच्या लोहाराची कामे. निजामाच्या राज्यात, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपल्यानंतरही काही काळ, या कामाचा मोबदला खळ्यावर बलुत्याच्या रूपाने मिळत असे.

त्या काळी लोखंड कापणे म्हणजे दोन माणसांचे काम होते. पट्टी भट्टीत लाल करून सांडशीने ऐरणीवर धरावयाची, कारागिराने छिन्नी नेमक्या जागी टेकवावयाची आणि दुसऱ्याने घण घालावयाचा. भाता ओढण्यास बहुधा घरातील स्त्रिया किंवा मुले असत. कापलेल्या जागी धातू दबे, कड वाकडी होई आणि मग कानशीने ती सरळ करावी लागे. जाड पत्र्यातून वर्तुळ काढावयाचे तर कडेकडेने घावांवर घाव घालावे लागत. म्हणून त्या काळचा शहाणा लोहार शक्यतो कापीत नसे. तो तापवून ओढी, वळवी आणि ठोकून आकार देई. लोखंड वाया जाऊ न देणारी ती विद्या होती.

ही विद्या हलकी नव्हती. गोदावरीच्याच खोऱ्यात, आपल्या पूर्वेस, आजच्या तेलंगणातील निजामाबाद भागात कोनसमुद्रम् नावाचे गाव आहे. तेथे मुशीत वितळवून केलेले पोलाद इराणी व्यापारी विकत नेत. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या तलवारी अशाच हिंदी पोलादातून घडल्या. व्हॉयसे या संशोधकाने तेथील कृतीचे वर्णन लिहून ठेवले व ते १८३२ साली प्रसिद्ध झाले. परंतु ज्यांच्या हातांनी ते पोलाद झाले त्या कारागिरांनी आपली कृती स्वतः लिहून ठेवल्याचे दिसत नाही. विलायती पोलाद स्वस्त होताच ती भट्टी विझली, आणि तिच्याबरोबर कृतीही गेली. ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तयार लोखंडाचे आगमन

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून परभणी व पूर्णा या गावांवरून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग सुरू झाला. या मार्गाने कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि तयार पट्ट्या, सळया व पत्रे आत आले. जमशेदपूरच्या टाटा कारखान्याची स्थापना १९०७ सालची, आणि तेथे पहिले पोलाद निघाले १९१२ साली. पुढे देशी पोलादही बाजारात मिळू लागले. लोहारास कच्चा माल सुलभ झाला; पण त्याच मालापासून मोठे कारखानेही वस्तू करू लागले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर हे याचे ठळक उदाहरण होय. हा नांगर प्रथम खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथले नांगर महाराष्ट्रभर पसरले. एकाच मापाचे, एकमेकांशी अदलाबदल करता येणारे भाग हे त्या नांगराचे बळ होते. एक भाग मोडला तर तसाच दुसरा आणून बसवावा, एवढी सोय गावच्या भट्टीत होत नव्हती. आपल्या लोहाराचा फाळ कमी टिकाऊ होता असे नव्हे; तो प्रत्येक वेळी थोडा निराळा होता. यंत्रयुगाने लोहारास मागे टाकले ते या एका कारणाने, असे आम्हांस वाटते.

ज्वाळेची कात्री

यानंतरचा बदल गॅसने घडविला. ॲसिटिलीन वायूचा शोध एडमंड डेव्ही याने १८३६ साली लावला. परंतु तो वायू ज्यापासून सहज मिळतो ते कॅल्शियम कार्बाइड भरपूर प्रमाणात करण्याची रीत थॉमस विल्सन यास १८९२ साली साधली. १८९५ साली ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲसिटिलीन व ऑक्सिजन एकत्र जाळल्यास विलक्षण उष्ण ज्योत मिळते, असे दाखवून दिले. आणि १९०३ च्या सुमारास फूशे व पिकार यांनी त्या ज्योतीसाठी हातात धरण्याजोगी टॉर्च केली. भारतात ऑक्सिजन व ॲसिटिलीन पुरविणारी मोठी कंपनी १९३५ साली कलकत्त्यास निघाली. कालांतराने तालुक्याच्या गावीही सिलिंडर मिळू लागले, आणि गॅस कटर हे आपल्या दुकानांचे नेहमीचे हत्यार झाले.

गॅस कटर लोखंड वितळवून कापतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नव्हे. ज्योतीने लोखंड सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविले जाते, आणि मग सोडलेल्या शुद्ध ऑक्सिजनच्या धारेत ते लोखंड अक्षरशः जळते. म्हणून गॅसने साधे पोलाद उत्तम कापले जाते. स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम मात्र कापले जात नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, पण त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइड वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. ती साय ऑक्सिजनला आत शिरू देत नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियमचे ऑक्साइड तसाच अडथळा करते. शिवाय गॅसने पातळ पत्रा तापून वाकतो, आणि सहा मिलिमीटरच्या पत्र्यावरही मिनिटास अर्ध्या-पाऊण मीटरहून फारसा वेग मिळत नाही. पन्नास मिलिमीटर व त्याहून जाड साध्या पोलादासाठी मात्र आजही गॅससारखे स्वस्त साधन दुसरे नाही. जुने साधन नव्याने सर्वस्वी बाद होत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आवळलेली प्रज्योत

घन, द्रव आणि वायू या तीन अवस्था आपण शाळेत शिकतो. वायू अतिशय तापविला म्हणजे त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वीज वाहून नेऊ लागतो. या चौथ्या अवस्थेस आयर्विंग लँगम्यूर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२८ साली ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. आकाशातील वीज हा प्लाझ्माच. वेल्डिंगची विद्युत् प्रज्योत, म्हणजे आपण ज्यास आर्क म्हणतो तीही प्लाझ्माच.

अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागात काम करणाऱ्या रॉबर्ट गेज यांनी १९५५ च्या सुमारास एक साधी युक्ती केली. वेल्डिंगची प्रज्योत मोकळी पसरू न देता त्यांनी ती तांब्याच्या बारीक छिद्रातून वायूसह दाबून बाहेर काढली. कालव्याचे पाणी अरुंद मोरीतून सोडले म्हणजे त्यास जोर येतो, तसेच येथे झाले. प्रज्योत आवळली गेली, तिचे तापमान वीस हजार अंशांच्या घरात गेले, आणि तिच्या धारेने धातू वितळून लगेच खालून उडू लागला. या शोधाचे पेटंट १९५७ साली मिळाले. प्रारंभी ही रीत मुख्यतः ॲल्युमिनियम व स्टेनलेससाठी, महागड्या वायूंनी, मोठ्या कारखान्यांत वापरली जाई. पुढे साधी दाबलेली हवा वापरता येऊ लागली. १९६८ साली निघालेल्या हायपरथर्म या कंपनीने धारेभोवती पाणी सोडून प्रज्योत अधिक आवळण्याची रीत आणली. नंतरच्या काळात इन्व्हर्टर पद्धतीने यंत्राचे वजन इतके घटले की ते एका माणसास उचलता येऊ लागले.

गॅसहून प्लाझ्माचा मुख्य भेद असा की, येथे धातू जळण्याची गरज नाही. त्यातून वीज वाहिली म्हणजे पुरे. त्यामुळे पोलाद, स्टेनलेस, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ ही सर्व कापता येतात. सहा मिलिमीटरच्या पोलादावर ६५ अँपिअरचे यंत्र मिनिटास तीन मीटरहून अधिक वेगाने चालते, म्हणजे गॅसच्या चौपट-पाचपट. आणि पत्राही कमी वाकतो.

हात संगणकाचा

दुसरा धागा निराळ्याच ठिकाणी विणला जात होता. जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती करणारे अमेरिकी कारखानदार. पात्याचा वक्र आकार हाताने अचूक काढता येईना, म्हणून त्यांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांवरील आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना मांडली. १९४९ साली अमेरिकेच्या हवाई दलाने त्यासाठी पैसा दिला, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षण संस्थेत आकड्यांच्या आज्ञेने चालणारे पहिले यंत्र लोकांस दाखविण्यात आले. १९७१ नंतर संगणकाचा मेंदू नखाएवढ्या चकतीत मावू लागला, तेव्हा हे नियंत्रण लहान कारखान्याच्याही आवाक्यात आले.

या दोन धाग्यांचा संगम म्हणजे आजचे यंत्र होय. त्याचे काम असे चालते : प्रथम संगणकावर वस्तूचे रेखाचित्र काढावयाचे. मग दुसरी प्रणाली अनेक भाग एका पत्र्यावर दाटीने मांडते. शिंपी कापडावर मापे बसवितो तसेच. काप एक ते तीन मिलिमीटर रुंद पडतो, म्हणून ती रुंदी धरून रेषा बाहेर किंवा आत सरकविली जाते. मग रेषांचे आकड्यांत रूपांतर होते, आणि त्या आकड्यांप्रमाणे मोटारी टॉर्चला दोन दिशांनी फिरवितात. तिसरी मोटार टॉर्चची उंची सांभाळते. प्रज्योत लांबली की व्होल्ट वाढतात, आखडली की घटतात. यंत्र व्होल्ट मोजून पत्र्यापासूनचे अंतर कायम राखते. आपला कारागीर आवाजावरून आणि ठिणग्यांच्या दिशेवरून जे ओळखी, ते येथे मोजून केले जाते.

किर्लोस्करांच्या नांगराचे जे बळ होते, शंभर भाग एकाच मापाचे, ते आता एका शेडमध्ये, दोन माणसांच्या दुकानास मिळू शकते. या यंत्राचे ऐतिहासिक महत्त्व आम्हांस यातच दिसते. जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी गावच्या लोहाराकडून कारखान्याने नेली, ती परत आणण्याची ही संधी आहे.

आपल्या जिल्ह्यात काम कोणते ?

संधी असली तरी काम हवे. आपल्या जिल्ह्यात ते शेतीतून येते. परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने चालते. तेथे पशुशक्तीच्या योग्य वापरासंबंधीची संशोधन योजना असून तीत बैलांनी ओढावयाच्या सुधारित अवजारांवर काम झाले आहे. सोयाबीनसाठी रुंद वरंबा व सरी पाडून पेरणारे ट्रॅक्टरचे यंत्र शेतकऱ्यांस परिचित झाले आहे. अशा अवजारांत सहा ते बारा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, कान, जोडपट्ट्या आणि बोल्टची छिद्रे असतात. यांखेरीज ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, फाटके, जिन्यांच्या जाळ्या, मंदिरांच्या कमानी ही नेहमीची कामे आहेतच. यांतील पुष्कळ वस्तू आज राजकोट, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणांहून तयार येतात आणि आपल्याकडे केवळ दुरुस्ती उरते. ज्या घरात दोन पिढ्यांनी फाळ घडविले त्या घरातील मुलगा पुण्यास दुसऱ्याच्या कारखान्यात पत्रे उचलावयास जातो, ही हानी रुपयांत मोजता येण्यासारखी नाही.

मात्र जाळ्यांसारखे तीन-चार मिलिमीटरच्या आतील नाजूक कामच मुख्य असेल, तर लेसर यंत्र अधिक स्वच्छ कापते, आणि मोठ्या शहरात ते काम मजुरीने करूनही मिळते. जाड, मजबूत, शेतीच्या वस्तू हे प्लाझ्माचे खरे क्षेत्र होय.

निवड कशी करावी ?

पहिली गोष्ट जाडीची. गेल्या वर्षभराची बिले काढून कोणत्या जाडीचे काम किती झाले याची यादी करावी. विक्रेता एकच आकडा सांगतो. खरे आकडे तीन असतात. पत्र्याच्या मध्यभागी छिद्र पाडून काप सुरू करता येतो ती जाडी पहिली, स्वच्छ काप मिळतो ती दुसरी, आणि कशीबशी दोन तुकडे होतात ती तिसरी. तिसरा आकडा सर्वांत मोठा असल्याने तोच पत्रकात ठळक छापलेला आढळतो. टेबलावरच्या कामास पहिला आकडा लागतो. ढोबळ मानाने १० ते १२ मिलिमीटरच्या नित्य कामास ६५ अँपिअर, आणि २० मिलिमीटरच्या आसपासच्या कामास शंभर अँपिअर व त्याहून अधिक शक्ती धरावी.

दुसरी गोष्ट उष्म्याची. यंत्रावर ‘६० टक्के’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे चालवावे, चार मिनिटे थांबवावे. हे प्रमाण बहुधा ४० अंश तापमान धरून दिलेले असते. आपल्याकडे अवजारांची मागणी मृगापूर्वीच्या दोन महिन्यांत येते, आणि त्याच वैशाख-ज्येष्ठात परभणीचा पारा चाळीसच्या वर असतो. पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहूनही अधिक. म्हणजे जेव्हा काम सर्वाधिक, तेव्हाच यंत्र सर्वांत लवकर दमते. म्हणून नित्याच्या प्रवाहावर शंभर टक्के चालणारे यंत्र पाहावे, किंवा गरजेहून एक पायरी मोठे यंत्र घेऊन ते कमी प्रवाहावर चालवावे.

तिसरी गोष्ट हवेची. हवेत पाणी किंवा तेल असेल तर नोझल व इलेक्ट्रोड झपाट्याने झिजतात आणि काप खडबडीत होतो. पावसाळ्यात काँप्रेसरच्या टाकीत किती पाणी साठते हे आपणांस ठाऊक आहेच. हवा कोरडी करणारा ड्रायर हा यंत्राचाच भाग समजून त्याची किंमत आधीच धरावी.

चौथी गोष्ट विजेची. ६५ अँपिअरच्या प्रज्योतीस सुमारे १४० व्होल्ट लागतात. गुणाकार केल्यास नऊ किलोवॉट होतात. यंत्राची स्वतःची घट, काँप्रेसर, ड्रायर व मोटारी मिळून तीन-फेज जोडणीवर पंधरा किलोवॉटपर्यंतचा भार येतो. मंजूर भार तेवढा आहे काय, व्होल्टेज किती घसरते, आणि अर्थिंग चांगले आहे काय, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. काही यंत्रांत प्रज्योत उच्च वारंवारतेच्या ठिणगीने पेटते. ती ठिणगी जवळच्या संगणकास बिघडवू शकते. हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकून पेटणारी टॉर्च टेबलावरच्या कामास अधिक निर्धोक असते.

पाचवी गोष्ट टेबलाची. बाजारातील पत्रा बहुधा १२५० गुणिले २५०० किंवा १५०० गुणिले ३००० मिलिमीटर येतो. टेबल त्याहून लहान असेल तर दर वेळी पत्रा आधी तोडावा लागेल. उंची आपोआप सांभाळणारी सोय नसलेले यंत्र स्वस्त दिसले तरी घेऊ नये. प्रात्यक्षिक पाहावयास जाताना आपल्याच दुकानातील, थोडा वाकलेला दहा मिलिमीटरचा पत्रा आणि आपलेच रेखाचित्र बरोबर न्यावे. छिद्राचा व्यास जाडीच्या दीडपट ठेवून दहा छिद्रे कापवून घ्यावी आणि त्यांत बोल्ट घालून पाहावा. झिजणारे सुटे भाग किती दिवसांत मिळतील, आणि दुरुस्तीस माणूस कोठून येईल, हे लेखी घ्यावे.

सहावी गोष्ट आरोग्याची. प्लाझ्माचा धूर डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक घातक आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. स्टेनलेसच्या धुरातील क्रोमियम फुप्फुसांस घातक ठरते. खालून धूर ओढून घेणारे किंवा पाणी भरलेले टेबल असावे. मात्र पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापल्यास हायड्रोजन साठून स्फोट होण्याचा धोका असतो. ते काम तेथे करू नये. काळी काच, कानांचे संरक्षण व हातमोजे यांवाचून कोणासही यंत्राजवळ उभे राहू देऊ नये.

हिशेब

उदाहरणादाखल धरू की सर्व सामग्रीसह आठ लाख रुपये कर्ज काढले, व्याज सालीना ११ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता महिना सुमारे १७,४०० रुपये पडतो. महिन्यास पंचवीस दिवस काम धरल्यास दुकानाचे दार उघडताच दिवसाला सुमारे ७०० रुपये देणे झाले. वीज, सुटे भाग, मजुरी व पत्रा निराळे. मृगापूर्वीच्या दोन महिन्यांत हे सहज निघेल. श्रावण-भाद्रपदात निघेल काय, हा खरा प्रश्न आहे. ज्यांस वर्षभराचे काम दिसत नाही त्यांनी प्रथम हातातली प्लाझ्मा टॉर्च घ्यावी. विचारपूर्वक घेतल्यास तोच वीजस्रोत पुढे टेबलास जोडता येतो. दुसरा मार्ग तीन-चार दुकानांनी मिळून एक यंत्र घेण्याचा. एकाने अवजारे, दुसऱ्याने फाटके, तिसऱ्याने ट्रॉल्या अशी कामे वाटून घेतली तर यंत्र रिकामे राहत नाही. मात्र यंत्राची वेळ, झिजलेल्या भागांचा खर्च व दुरुस्ती यांचा करार सख्ख्या भावांतही कागदावर असावा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंदे असून त्यांत लोहाराचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने देण्याची तरतूद करण्यात आली. या रकमेत मोठे टेबल येणार नाही. पण हातातली टॉर्च, काँप्रेसर आणि शिक्षण यांची सुरुवात होऊ शकते.

हातच्या विद्येचे काय ?

यंत्र कापते, घडवीत नाही. दाबलेल्या हवेने कापलेल्या कडेत हवेतील नायट्रोजन शिरतो. त्या कडेवर तसेच वेल्डिंग केले तर सांध्यात बारीक पोकळ्या राहतात, आणि कड कठीण झाल्याने तेथे ड्रिलही बोथट होते. ती कड आधी घासून काढावी लागते. हे न जाणणाऱ्याने केलेली जोडपट्टी दिसावयास सुबक असते, पण ऐन पेरणीत शेतकऱ्याच्या शेतात तुटते. तसेच, फिरणाऱ्या वायूमुळे प्रज्योतीच्या उजव्या अंगाची कड सरळ येते व डावी तिरपी. म्हणून वस्तूची बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि आतील छिद्र उलट दिशेने कापावे लागते. फाळाचा आकार यंत्र क्षणात काढील. परंतु त्याचे टोक किती तापवावे, कोणत्या रंगावर पाणी द्यावे आणि तो दगडावर आपटला तर तुटेल की वाकेल, हे भट्टीसमोर बसलेल्या माणसालाच कळते. ही विद्या असेल त्याच्याच हाती हे यंत्र शोभते व फळते.

कोनसमुद्रमच्या पोलादाची कृती परक्याने लिहिली म्हणून थोडीबहुत उरली. आपल्या घरांत आज सत्तरी-ऐंशीच्या घरातले जे वडीलधारे आहेत त्यांस फाळाचे पाणी, धाव चढविण्याचे माप आणि पोलादाची ठिणगीवरून करावयाची पारख ठाऊक आहे. जी मुले-मुली संगणकावर रेखाचित्रे काढू शकतात त्यांनी त्यांच्याजवळ बसून ही मापे उतरवून घ्यावी. तिफणीचा फण, वखराची पास, विळ्याचा बाक यांची रेखाचित्रे काढून ती जपून ठेवावी. एके काळी भाता ओढण्याचे कष्ट आपल्या माताभगिनींनी केले. पुढील दुकानात रेखाचित्राचे व हिशेबाचे आसन त्यांचे असावे, हे न्यायाचे होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर किंवा फिटर होण्यास मुलांबरोबर मुलींसही पाठवावे.

ज्या घरात काम, वीज, हिशेब आणि विद्या ही चारही आहेत त्यांनी हे यंत्र निःशंकपणे घ्यावे. ज्यांत एक उणे आहे त्यांनी प्रथम ते भरून काढावे. कर्ज मागाहून काढता येईल. आणि ज्यांनी यंत्र घेतले आहे त्यांनी आपला अनुभव, कोणता पत्रा, किती अँपिअर, किती वेग, किती छिद्रांनंतर नोझल बदलावे लागले, हे एका वहीत रोज टिपून ठेवावे आणि पुढील अंकाच्या वेळी ज्ञातिबांधवांपुढे मांडावे, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.